पितराच्या पाटावर उकर्डा

आरे आयका ना, आधी आयकून घ्या, मंग काय हासाचं ते हासा. कारंज्याच्या हिरालालची गोष्ट हाये हे. दौलतराव माळ्याचा पोट्टा. गावाभायेर नाल्याच्या काठानं त्यायची बाडी, वांगे, संबाराच्या हिरव्या जुड्या, फुलकोबी, सगळं तिथून बाजारात जाये. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा. मॅट्रिकचे पेपर देऊन पोट्टे मोकळे झालते, रिझल्ट लागाले टाइम होता, आन् जो भेटन त्याच्या तोंडी एकच, तू कोनतं कालेज भरतं बे? आन् तू?

त्याचा दोस्त अजितकुमार, फूलचंद शेठचा, किराना दुकानवाल्या जैनायचा. त्याच्या घरी तं निसती जत्रा होती. शेठ म्हने, नागपूर भर, पुना भर, इंदूर भर, माही ना नाही. पन होस्टेलच्या मेसात दिवस बुडायच्या आत ताट वाढलं पाहिजे, कांदा नाही पाहिजे, आलू नाही पाहिजे. मंग जो कालेजातला पोट्टा सुट्टीत गावी येईन त्याले शेठ दुकानात बसवे, हातावर पेपरमिंट ठेवे आन् इचारे, "तुमच्याकडं संध्याकाळचं जेवन किती वाजता वो?"

पोट्टा म्हने, "साडेआठ."

"गेलं. काटा त्याले." असे चांगले चांगले कालेज शेठनं सूर्याच्या हिशेबानं काटून टाकले.

"तुयं बरं हाये लेका," अजित हिरालालले म्हने, "तुले एकच भराचं. निवडाची कटकट नाही."

हिरालाल हासला.

एकच म्हंजे अमरावती. कारन त्याचा मोठा भाऊ देवमन अमरावतीच्या सायन्स कालेजात होता. होता म्हंजे, गेला तो. तीन वर्स झाले. होस्टेलात ताप आला, घरी निरोप काही पोचला नाही, आन् बाप तिथं गेला तवा पोट्ट्याचं तोंड झाकेल होतं. असं सांगत घरचे. तवापासून त्याच्या मायनं, गिरजाबाईनं, एकच धरून ठेवलं होतं. तो अर्ध्यात राह्यला, त्याचं राह्यलेलं हिऱ्या पुरं करन. तेच कालेज, तेच होस्टेल, जमली तं खोली बी तेच.

आता यात वाईट काय? काही नाही. पन आयका पुढं.

देवमनची लोखंडाची पेटी होती, होस्टेलातून आनलेली. त्यातले सदरे माय दर आखाजीच्या, म्हंजे अक्षय तृतीयेच्या, आधी काढे, धुये, उन्हात टाके आन् हिरालालच्या आंगात घालून पाहे. पह्यल्या वर्सी बाह्या लोंबत. दुसऱ्या वर्सी खांदे सैल. आन् या वर्सी निळ्या रेघायचा तो सदरा असा बसला, असा बसला, जसा शिंप्यानं माप घेऊन शिवला. माय दारात उभी राहून पाहात राह्यली. मंग म्हने, "आला बापू," आन् आत निंगून गेली.

आधी माय चुकून हिरालालले देवमन म्हने आन् लगेच जीभ चावे. मंग जीभ चावनं बंद झालं. आन् खरं सांगू का, हिरालालले याचं भेव नोतं वाटत. त्याले भेव वाटलं ते एक दिवस वाफ्यात बसून निंदन करताना. घरातून आवाज आला, "देवमन," आन् त्यानं मान वर न करता म्हनलं, "ओ माय." सोताच म्हनलं! हातातलं खुरपं तसंच राह्यलं त्याच्या. त्याच्या मनात आलं, आपन तिथं गेलो, त्याच्या बाकावर बसलो, त्याच्या सदऱ्यात, तं दिवाळीच्या सुट्टीत कारंज्याच्या स्टँडवर उतरन कोन? हिरालाल, का दुसराच?

त्याले जाचं होतं अकोल्याले. शेतकी कालेजात. त्याचंही कारन आयका, काही हौसेचं नोतं ते. मागच्या साली त्यायच्या वांग्याची अख्खी वळ सकाळी हिरवीगार होती आन् दुपारी मान टाकून बसली. पानी होतं, खत होतं, तरी मेली. अकोल्याहून एक शिकनारा पोरगा आला होता पाहाले. त्यानं एक झाड उपटलं, बुडातून ब्लेडनं कापलं आन् काचेच्या गिलासात पान्यात धरलं. थोड्या टाइमानं कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पान्यात उतरला. हिरालाल पाहातच राह्यला. वरतून झाड चांगलं दिसे आन् आत कायचं काय चालू होतं! तवापासून त्याच्या डोक्यात तो धागाच. हे काय हाये, मले शिकाचं हाये.

पन सांगे कोनाले? बापाले इचारलं, "बाबा, अमरावती सोडून मी अकोल्याचं भरू का?" तं दौलतरावनं फावडं उचललं. अमरावतीचं नाव निंघालं का बुढा उठे आन् पानी वळवाले जाये. पानी चालू असो का नसो. कोरड्या दांडावर फावडं घेऊन उभा राहे निस्ता.

मायले इचारलं तं माय म्हने, "देवमन काय म्हनन?"

आता मेलेला मानूस काय म्हनन? पन त्यायच्या घरी म्हने ना! आखाजीले. हेच तं सांगून राह्यलो.

आखाजीले आपल्याकडं पितर बसवतात, तुमाले मालूम हाये. म्हातारा गेला असन तं म्हातारा आनाचा, सवाशीन गेली असन तं सवाशीन. देवमन बिनलग्नाचा गेला, मिशी फुटता फुटता. मंग दर साली भावकीतला तसाच एक पोट्टा पाहाचा, बिनलग्नाचा, तेवढ्याच उमरीचा. त्याच्या दारात जाऊन आवतन द्याचं, पन त्याच्या नावानं नाही, मेलेल्याच्या नावानं. मंग तो येतवरी, पाय धुतवरी, जेवून उठतवरी तो तोच. आन् दौलतरावच्या घरात अजून एक रीत होती, पाटावर बसून पितरानं जे मागतलं ते द्याचं. नाही म्हनाचं नाही. पोट्टे काय मागतीन? अजून एक वडा, अजून रस वाढा. एकानं एका साली देवमनची टोपी मागतली होती, मायनं रडत रडत देऊन टाकली.

हिरालालच्या डोक्यात हे लखकन पडलं. या वर्सीचा पितर होता उकर्डा. त्याच्याच वर्गातला, चुलत चुलत भाऊ, लय हसीमजाकवाला आन् सदा भुकेला. हिरालालनं त्याले चिचेच्या झाडाखाली गाठलं.

"उकर्ड्या, आखाजीले आमच्या घरी बसून राह्यला ना तू?"

"बसतो ना. काकूच्या हातचे वडे म्हंजे मरून गेलो तरी येईन."

"तसं बोलू नको बे. आयक. माय इचारन, काय पाहिजे बापू. तवा तू म्हनाचं, हिऱ्याले अकोल्याले धाडा. बस एवढंच."

उकर्ड्यानं डोकं खाजवलं. "आन् वडा?"

"वडा नंतर माग ना लेका! आधी हे."

"पन पाप लागन ना? मेलेल्याच्या तोंडानं खोटं बोलनं..."

"तुले लागन का मले लागन?"

"तुले लागू दे," उकर्डा म्हने, आन् दोघंही हासले. खूप हासले. उकर्ड्यानं पाच-सात वेळा म्हनून बी पाह्यलं, आवाज जाडा करून, डोळे फिरवून, "हिऱ्याले अकोल्याले धाडाऽऽ." हिरालाल म्हने, "असं नाही बे, साधं म्हन, दादा साधा बोले."

आखाजीच्या सकाळी मायचं आंग दुखत होतं म्हनून आवतन द्याले तिनं हिरालाललेच धाडलं. दर साली ते सोता जाये. निळ्या रेघायचा तोच सदरा घालून हिरालाल उकर्ड्याच्या दारात गेला. आत उकर्डा दिसे बी, दोरीवरचा टावेल काढत होता. हिरालालले हासू येत होतं. रीत म्हनून त्यानं हाक मारली, "देवमनदादा, जेवाले चाल."

आतून आवाज आला, "आलो रे हिरू."

हिरू म्हनत कोनीच नोतं त्याले. हिऱ्या म्हनत, हिरालाल म्हनत. हिरू फकत एकच मानूस म्हने.

उकर्डा भायेर आला, दात काढत. "चाल ना बे, भूक लागली." हिरालालनं मनाले सांगतलं, आयकलं असन यानं कधी दादाच्या तोंडून. गावच तं हाये.

दुपारचं असं ऊन होतं का आंगनात पाय ठेववत नोता. मायनं उकर्ड्याचे पाय धुतले, टिळा लावला, पाटावर बसवलं. मातीची नवी घागर भरून ठेवली होती. चुलीतल्या इंगळावर घास टाकला, तुपाचा धूर घरभर झाला. पत्रावळीवर आमरस, पोळी, वडे, भजे, कुरड्या, चिंचवनी. दौलतराव दाराच्या चौकटीले टेकून उभा. घरात जाये बी ना, भायेर बी ना.

उकर्डा कसा जेवे तुमाले मालूम नाही. दोन्ही गालात कोंबून, आवाज करत. त्या दिवशी त्यानं पह्यला घास तसाच घेतला. दुसरा बी. मंग त्याचा हात मंद झाला. त्यानं भज्यातले मिरच्यायचे तुकडे बोटानं येक येक काढले आन् पत्रावळीच्या कडेले लाइनीत मांडले. हळूहळू. जसं काही आख्खी दुपार त्याचीच हाये.

मायचा वाढता हात तिथंच थांबला. देवमन तसं करे. मिरच्या काढून, लाइन लावून.

उकर्ड्या, नाटक पुरे, बोल आता, हिरालाल मनात म्हने. मायनं इचारलं, एकदम बारीक आवाजात, "काय पाहिजे बापू? माग."

उकर्ड्यानं मायकडं पाह्यलंच नाही. हिरालालकडं बी नाही. त्यानं मान वळवून दाराकडं पाह्यलं आन् म्हनलं, "बाबा, निरोप भेटला होता ना तुमाले?"

साधं म्हनलं. एकदम साधं.

चुलीत निखारा फुटला.

"मंग बाजार करून काहून आले?" उकर्डा म्हने. "मी वाट पाहून राह्यलो. न्याले या ना मले."

दौलतराव चौकटीवरून घसरत खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर.

आन् उकर्ड्यानं मान खाली घातली, भजं उचललं, मिरच्यासकट तोंडात टाकलं आन् भरल्या तोंडानं म्हने, "काकू, अजून एक वडा वाढा ना."

मायनं वाढला. पितर उपाशी उठवाचा नसते.

त्याचं जेवन झाल्यावर हिरालालनं त्याले दंडाले धरून घरामांगं ओढत नेलं, गोठ्याच्या सावलीत. "अबे हे काय बोलला तू?"

"काय बोललो?"

"कोनतं बोलाचं ठरलं होतं?"

"तेच बोललो ना! हिऱ्याले अकोल्याले धाडा. दोन डाव बोललो. काकूनं मान बी हालवली." उकर्डा त्याच्याकडं पाहून राह्यला, खराखुरा, हासू नाही, काही नाही. "काहून? आयकू नाही आलं का तुमाले?"

"बाजाराचं कोनी सांगतलं तुले? निरोपाचं?"

"कोनता बाजार बे?" उकर्डा म्हने, आन् मंग हिरालालचं तोंड पाहून तोच घाबरला. "हिऱ्या, म्या काय बोललो? सांग ना. काय बोललो म्या?"

हिरालालनं त्याले तिथंच सोडलं.

घरात आला तं बाप बोलत होता. तीन वर्सात इतकं बोलला नसन बुढा. निरोप भेटला होता. अमरावतीच्या गाडीच्या कंडक्टरनं स्टँडवर सांगतलं होतं, तुमच्या पोराले ताप हाये, म्हनते बाबाले सांगा न्याले या. आन् त्या दिवशी कारंज्याचा बाजार होता. फुलकोबी रातीच काढून बंडीत भरली होती, एक दिवस उन्हात राह्यली असती तं पिवळी पडली असती. बापानं इचार केला, ताप हाये, पोट्ट्यायले ताप येतेच, बाजार करतो आन् उद्या सकाळच्या गाडीनं जातो. गेला. पन उशीर झाला होता. आन् मंग मायले सांगतलं, निरोप भेटलाच नाही.

"त्याले कसं मालूम झालं?" बाप म्हने. "कंडक्टर बी बदलून गेला. मी कोनालेच नाही सांगतलं गिरजे. कोनालेच नाही."

हिरालालले वाटलं आता माय ओरडन, आता कपाळ बडवून घेईन. पन नाही. पत्रावळीच्या कडेले राह्यलेले मिरच्यायचे तुकडे तिनं गोळा करून मुठीत धरले होते. माय म्हने, "उठा. न्याले जा त्याले."

मंग हिरालालकडं पाह्यलं. तीन वर्सात पह्यल्यांदा त्याच्याकडं पाह्यलं म्हना ना. "तो न्याले या म्हनला रे हिऱ्या. तुले धाडा नाही म्हनला. आन् मी तुलेच तिकडं लोटून राह्यली होती." तिनं त्याच्या आंगातला निळ्या रेघायचा सदरा बटन बटन करून काढला, घडी घातली आन् बापाच्या थैलीत ठेवला. "हा घेऊन जा. त्याले येताना लागन."

दुसऱ्या दिवशी बाप-लेक अमरावतीले गेले. हिरालाल त्याच्या जुन्याच गंजीवर, वरून आखूड झालेला शाळेचा सदरा. होस्टेल सुट्टीचं बंद होतं, चौकीदारानं फाटक उघडून देलं. निसता वऱ्हांडा, कुलपंच कुलपं, आन् नळाखाली एक कबुतर. हिरालालनं सगळं पाहून घेतलं. हेच ते, ज्याचं त्याले इतकं भेव होतं. वाळत घालाची तार, उखडलेली फरशी. बाकी काय?

दौलतराव देवमनच्या खोलीच्या दारापुढं उभा राह्यला. थैलीतून सदरा काढून उंबरठ्यावर ठेवला. मंग म्हने, "देवमन. चाल बापू. उशीर झाला मले. चाल घरी."

चौकीदार दुसरीकडं तोंड करून उभा राह्यला, भला मानूस. बापानं उंबरठ्याजवळचा एक लहानसा गोटा उचलला, सदऱ्यात गुंडाळला आन् लेकरू घेतात तसा छातीशी धरला. गाडीत कंडक्टर आला तं म्हने, "तीन द्या."

"तिसरा कोन?"

"हाये," बाप म्हने. कंडक्टरनं एक डाव गाठोड्याकडं पाह्यलं, एक डाव बुढ्याच्या तोंडाकडं, आन् तीन फाडून देले.

मूर्तिजापुरात गाडी बदलाची होती. कारंज्याची गाडी एका बाजूले लागली होती आन् अकोल्याची दुसऱ्या बाजूले, इंजिन चालूच. बाप उभा राह्यला. अकोल्याच्या गाडीकडं पाहात म्हने, "तुले तिकडं जाचं होतं ना?"

हिरालाल म्हने, "आता? असंच?"

"असंच जा. फारम कधी भेटते इचारून ये. आज नाही भेटलं तं कधी भेटन ते इचार. पन आजच जा. मी उद्यावर नाही ठेवत आता काही." बापानं त्याच्या हातात पैसे कोंबले. "याले मी घेऊन जातो. तुयी माय वाट पाहून राह्यली असन."

हिरालाल चढला. गाडी भरेल होती, पन मांगं खिडकीजवळ तिघायची एक शीट आख्खी खाली भेटली. तो मधात बसला, खिडकी सोडून. काहून सोडली, त्याले सोताले मालूम नोतं. खाली बाप गाठोडं छातीशी धरून कारंज्याच्या गाडीकडं जात होता, मान खाली, गाठोड्याशी बोलत. मंग एकदम थांबला. गाठोडं एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं चापलून पाह्यलं, जसं काही हलकं लागलं त्याले. वळून अकोल्याच्या गाडीकडं पाह्यलं.

तेवढ्यात एक फेटेवाला काका थैल्या सावरत आला. "खिडकीत कोनी हाये का रे बाबू?"

"नाही काका. बसा ना."

काका पाय वलांडून खिडकीत बसला आन् लगेच अर्धा उठला. "बाप्पा, जागा गरम हाये! आताच उठलं का कोनी?"

वैशाखाची दुपार होती. कोनती जागा गरम नसन? गाडी हालली. काका खिडकीत टेकला, थैल्या मांडीवर घेतल्या. हिरालाल मधातून मुकाट्यानं कडेच्या टोकाले सरकला, एक पाय रस्त्यात आला तरी सरकला. काका आन् तो, दोघायच्या मधात एका मानसाची जागा राह्यली. वाटेत चढलेले दोघंतिघं उभ्यानं चालले होते, पन तिथं बसतो म्हनून कोनी इचारलं नाही. अकोला येतवरी कोनीच नाही.